घंटेबाहेरची माणसं

इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या थॉर्नसी गावात माणसांचे दोनच प्रकार होते. एक, अगाथाच्या आवाजात जन्मलेले; आणि दुसरे, फॉरिनर. या दुसऱ्या प्रकारात जर्मन, फ्रेंच, चिनी, लंडनचे आणि नदीपलीकडच्या विक गावचे असे सगळे एकाच पोत्यात कोंबलेले असत, आणि पोत्याचं तोंड ओबेड गॅदरकोलच्या मुठीत असे.

अगाथा म्हणजे चर्चच्या मनोऱ्यातली सगळ्यांत मोठी घंटा. ओबेड पोटासाठी गाड्यांची चाकं करी, पण जगे तो अगाथासाठी. घंटा वाजवणाऱ्यांचा तो म्होरक्या. त्याआधी त्याचा बाप होता, त्याआधी आजा. अगाथाच्या दोराला गॅदरकोलांचे हात लागून लागून त्या दोराचा रंग आणि त्या घराण्याच्या तळव्यांचा रंग एकच झाला होता.

गावचा दंडक असा : बाळंतिणीच्या खोलीत मूल आता येतंच असं झालं की सुईण मिसेस लार्टर खिडकीबाहेर पांढरा टॉवेल टाकी. आपल्या कारखान्याच्या दाराशी बसलेल्या ओबेडला तो दिसला, की हातातलं चाक तसंच सोडून तो समोरच्या मनोऱ्यात शिरे आणि अगाथा वाजवू लागे. पोराच्या कानात आईच्या हाकेआधी अगाथा पडली पाहिजे. पडली, तर ते पोर थॉर्नसीचं. मग ते पुढे दारुडं निघो, कोंबड्या चोरो, थॉर्नसीचंच. नाही पडली, तर फॉरिनर. फॉरिनरनं दोराला हात लावायचा नाही, आणि मेल्यावर चर्चच्या दक्षिणेला, उन्हात पुरून घ्यायचा हट्ट धरायचा नाही. त्यांच्यासाठी उत्तरेची बाजू होती. तिथे शेवाळ चांगलं वाढे.

हा नियम ओबेड इतक्या कडक शिस्तीनं पाळी की इंग्लंडचा राजासुद्धा त्यातून सुटला नव्हता. "राजा माणूस चांगला आहे," ओबेड दारूच्या गुत्त्यात ग्लास खाली ठेवून म्हणे, "पण शेवटी फॉरिनरच." कुणीतरी एकदा चिडून येशू ख्रिस्ताचं काय म्हणून विचारलं. ओबेडनं त्यावर बराच विचार केला. "त्याच्या वेळी घंटा नव्हती," तो म्हणाला, "पण निदान तारा तरी होता. त्याला सवलत देता येईल."

आणि अशा या माणसाची बायको विकची होती.

विक म्हणजे पूल ओलांडला की आलंच. वाऱ्यानं मनात आणलं असतं तर अगाथाचा आवाज तिथे सहज पोचला असता. पण केझाया जन्मली त्या दिवशी वारा उलटा होता. त्या एका वाऱ्यापायी ती चाळीस वर्षं ओबेडच्या घरात फॉरिनर म्हणून नांदली. खिमट करपलं, तर "विकला असंच करतात!" भाकरी चांगली फुगली, तर "फॉरिनर असून बरी जमली हो!" केझायाही काही कमी नव्हती. ती ओबेडच्या ताटात वाढता वाढता म्हणे, "खा, खा. घंटेनं पोट भरत असतं तर तुझ्या आईनं तुला फॉरिनरीण कशाला करून दिली असती?"

गावातले पाद्री मिस्टर पेलहॅम हे वीस वर्षं झाली तरी फॉरिनरच होते, पण विद्वान फॉरिनर. एकदा चहाला आले असताना केझायानं त्यांना विचारलं, "पाद्रीसाहेब, हा मेला फॉरिनर शब्द आला तरी कुठून?"

पेलहॅमसाहेबांना एवढंच हवं होतं. त्यांनी बिस्किट खाली ठेवलं. "दारातून आला, बाई. जुन्या लॅटिनमध्ये दाराला जो शब्द आहे, त्यातून. फॉरिन म्हणजे दाराबाहेरचं. एवढंच. दूर देश, समुद्र, वेगळी भाषा हे सगळं त्याला नंतर चिकटलं. पूर्वी आपल्या गावांतून शेजारच्या गावच्या माणसालाच फॉरिनर म्हणत. त्या हिशेबानं ओबेडचं बोलणं आपल्या सगळ्यांपेक्षा जुनं आणि शुद्ध आहे."

ओबेडची छाती अशी फुगली की बंडीचं बटण तुटलं.

"गंमत म्हणजे," पाद्री रंगात येऊन म्हणाले, "तो शब्द लिहिताना मध्ये एक जी घालतात, तोही मूळचा नाही. राजाच्या राज्याला जो रेन शब्द आहे, त्यात जी आहे म्हणून कुणीतरी इथेही घुसडला. म्हणजे तो जीसुद्धा फॉरिनरच! आणि सहाशे वर्षांपूर्वी..." इथे ते जरा अडखळले. "सहाशे वर्षांपूर्वी घराबाहेरच्या संडासालाही फॉरिनच म्हणत."

मग केझाया कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "म्हणजे हा माणूस मला इतकी वर्षं काय म्हणत आला ते आज कळलं!" त्या दिवशी ओबेड एवढा हसला, की डोळ्यांतलं पाणी पुसायला त्याला केझायाच्याच ॲप्रनचा कोपरा घ्यावा लागला.

ती हसण्याची शेवटची वर्षं होती.

एकोणीसशे चाळीस सालच्या मे महिन्यात त्यांचा एकुलता मुलगा रूबेन जर्मनांशी लढायला फ्रान्समध्ये होता. जूनमध्ये आपलं सैन्य मिळेल त्या होडीनं परत आलं. रूबेन आला नाही. मेला म्हणून कळलं नाही, पकडला म्हणून कळलं नाही. काहीच कळलं नाही. त्याच आठवड्यात सरकारचा हुकूम निघाला : देशातल्या सगळ्या चर्चच्या घंटा बंद. शत्रू उतरला तरच वाजवायच्या. घंटा वाजली म्हणजे जर्मन आले.

आजवर गावातलं माणूस आलं की अगाथा बोलत होती. आता ती बोललीच, तर फक्त परक्यांसाठी बोलणार होती. ओबेडनं मनोऱ्याचं दार लावलं आणि चावी कमरेला अडकवली.

त्यात जुलैत रूबेनची बायको आयव्ही लंडनहून आली. सातवा महिना होता. मुलगी हडकुळी, बोलायला फाटक्या तोंडाची. "बाबा," ती पहिल्याच दिवशी ओबेडला म्हणाली, "तुमच्याकडे रात्री इतकं शांत कसं असतं? माणूस मेलंबिलंय का?" ओबेडला ती आवडली, पण लंडनची! त्यानं तिला फॉरिनर म्हणून घेतलं, आणि तिच्या पोटाकडे बघून मनातल्या मनात हिशेब मांडला. रूबेन आला नाही, तर गॅदरकोलांच्या नावाचं एवढंच उरणार. आणि ते येणार मुक्या मनोऱ्याखाली. अगाथाच्या दोराला हात लावायचा हक्क असलेलं त्या घरात पुढे कुणीच असणार नव्हतं.

गाव बदलत चाललं होतं. बाहेरच्यांना वाट सापडू नये म्हणून रस्त्यांवरच्या पाट्या उपटून टाकल्या. खरं म्हणजे थॉर्नसीला चुकूनच कुणी येई. पण पाट्या गेल्यावर जो येईल तो मुद्दाम आला, असं लोकांना वाटू लागलं. किनाऱ्यावर तारा लागल्या, वाळूत सुरुंग पेरले. गावचा खाटीक हर्बर्ट मेस होमगार्डचा पुढारी झाला. कालपर्यंत तो गुडघ्यापर्यंत रक्तानं माखलेला ॲप्रन घालून सगळ्यांशी गोड बोले. आता त्याचा ॲप्रन गेला आणि गोड बोलणंही गेलं. लष्कराच्या माणसांनी नदीच्या पुलाखाली सुरुंगाची दारू भरून ठेवली आणि तिची कळ मेसच्या ताब्यात दिली. घंटा वाजली की पूल उडवायचा, एवढंच त्याला सांगितलं होतं.

केझाया दर गुरुवारी अंडी घेऊन पुलावरून विकला बहिणीकडे जाई. एका गुरुवारी ती दुकानात शिरली तेव्हा बोलणं थांबलं. मग कुणीतरी म्हणालं, "काय केझाया, पलीकडे काय काय खबर पोचवून आलीस?"

असल्या थट्टेवर तिनं चाळीस वर्षं उलट टोले दिले होते. तिनं तोंड उघडलं आणि बघितलं, तर कुणी हसत नव्हतं.

घरी येऊन तिनं ते सांगितलं तेव्हा आधी ओबेड हसला. मग त्याला आठवलं, की जूनमध्ये गुत्त्यात आपणच म्हणालो होतो, "विकचे लोक काय, जर्मन आले तर त्यांना चहा करून पाजतील!" सगळे किती हसले होते! स्वतः सोडलेला कोंबडा गावभर हिंडून घुबड होऊन घरी परत आला होता. तो उठला आणि काही कारण नसताना दाराचा अडसर तपासून आला.

ऑगस्टमध्ये मेस चावी मागायला आला. खांद्याला बंदूक, दारात उभा.

"मनोऱ्याची चावी दे, ओबेड."

"का रे? मटण टांगायला जागा कमी पडली?"

"थट्टा नको. ज्याच्या घरात बाहेरची माणसं आहेत, त्याच्याकडे चावी नको असं ठरलंय."

"कोण बाहेरची?"

"आता मी सांगू? तूच तर सांगत आलास गावाला. केझाया. आणि ती लंडनची पोरगी."

ओबेडच्या मानेच्या शिरा दोरासारख्या ताणल्या. "मी म्हणतो! मी म्हणेन! चाळीस वर्षं तिच्या हातचं खाऊन म्हणतो. तू कोण रे म्हणणारा, हर्बर्ट मेस? तू जन्मलास तेव्हा अगाथा माझ्या बापानं वाजवली होती. आधी कळलं असतं, तर म्हटलं असतं राहू दे!"

मेस रागावला नाही. त्याचंच ओबेडला पुढे कितीतरी दिवस भय वाटलं. मेस शांतपणे म्हणाला, "पण शब्द तर तोच आहे ना, ओबेड?"

शब्द तोच होता.

शेवटी चावी ओबेडकडेच राहिली ती एवढ्याचसाठी, की वेळ आली तर अगाथा वाजवणार कोण? पोरं लढाईवर, म्हातारे थकलेले. "तू दोर धर," ओबेड मेसला म्हणाला, "आणि तिनं एक झटका दिला की गाव तुला छताच्या तुळईवरून सोडवून घेईल." मेस जाता जाता वळला. "एक लक्षात ठेव. ती वाजली तर माझी माणसं का आणि कुणी हे विचारायला थांबणार नाहीत. पूल उडणार. आणि समोर जे हलेल त्याला गोळी."

सप्टेंबरात एका संध्याकाळी समुद्रावरून धुकं आलं. एरवी ती दिवे लागायची वेळ. त्या वर्षी ती दिवे न लागायची वेळ होती. शत्रूला उजेड दिसू नये म्हणून सगळी घरं काळ्या पडद्यांमागे बसलेली. दिवसभर दक्षिणेकडून कसला तरी घुमघुमाट येत होता, आणि समुद्रापलीकडच्या बंदरांत जर्मनांच्या होड्या जमल्यात ही बातमी पोस्टातून निघून प्रत्येक उंबऱ्याशी येऊन बसली होती. मेसची माणसं पुलाशी धुक्यात उभी होती.

आयव्हीला दुपारपासून कळा लागल्या होत्या. मिसेस लार्टर वर होती, केझाया वर होती. ओबेडला नेहमीच्या रीतीनं बाहेर काढलं होतं. तो कारखान्याच्या दाराशी बसून एक आरा तासत होता. इतका तासला की तो चाकाऐवजी दात कोरायच्या कामाचा झाला.

आणि वरच्या खिडकीत पांढरा टॉवेल पडला.

कुणी टाकला? मिसेस लार्टरनं. का टाकला? आयुष्यभर टाकत आली म्हणून. मूल दिसलं की डाव्या हातानं टॉवेल. तिच्या डोक्याला घंटा बंद असल्याचं ठाऊक होतं, पण हाताला कुणी हुकूम वाचून दाखवला नव्हता. आणि ओबेडच्या पायांनाही नाही. टॉवेल दिसला, हातातला आरा पडला. रस्ता, फाटक, थडगी, कुलूप... ओबेड भानावर आला तेव्हा अगाथाचा दोर त्याच्या मुठीत होता आणि तो पहिला ओढा ओढून मोकळा झाला होता.

काही वाजलं नाही. तोंड खाली करून निजलेली एवढी मोठी घंटा एका ओढ्यात बोलत नाही. ती आधी कूस बदलते. मग झुलते, झोका वाढतो, आणि मगच आतला लोळा काठाला लागतो. वर अंधारात जुनं लाकूड करकरलं. तीन महिन्यांनी तो आवाज ऐकून ओबेडच्या अंगावर काटा आला. भानावर आलेल्या माणसानं इथे थांबायला हवं होतं. ओबेडनं दुसऱ्यांदा ओढलं. रूबेनच्या वेळी त्यानंच ओढलं होतं. एक टोला, फक्त एक. पोराच्या कानात पडेल एवढाच. त्यानं तिसऱ्यांदा ओढलं. झोका मोठा झाला, दोर हाताला वर खेचू लागला.

"ओबेड!"

दारात केझाया होती. धापा टाकत, बाह्या कोपरापर्यंत वर, हात ओले. टॉवेल आत ओढायला ती खिडकीशी गेली, तर खाली ओबेडचं स्टूल रिकामं आणि समोर चर्चचं दार उघडं.

"मूल पायाळू आहे. डोकं नाही, पाय आला आधी. लार्टरबाईला जमत नाहीये. मी पोस्टातून फोन करवला. विकहून डॉक्टर ॲबट निघालाय मोटारनं." तिला श्वास पुरेना. "तो पुलावर असेल आता. सोड तो दोर!"

ओबेडचं तोंड चुन्यासारखं पांढरं झालं. वाजली, तर पूल. पूल, तर डॉक्टर. डॉक्टर, तर आयव्ही आणि पोर.

"सोडता येत नाही," तो म्हणाला. आवाज त्याचा नव्हता. "सोडली तर पुढच्या झोक्याला वाजेल. तिला धरून शांत करायला हवं. माझ्या एकट्याला ती... हात घसरतायत, केझाया!"

केझायानं हात ॲप्रनला पुसले आणि दोर धरला. थॉर्नसीच्या मनोऱ्यात अगाथाच्या दोराला विकच्या माणसानं हात लावलेला हा पहिला प्रसंग. त्याचा सोहळा कुणी केला नाही. दोर वर गेला आणि दोघंही टाचांवरून उचलली गेली. ओबेडच्या खांद्यात काहीतरी कट्कन वाजलं. "आता ओढू नकोस, नुसती लोंबकळ!" तो दात आवळून म्हणाला. "वर जाईल तेव्हा अंगाचा भार टाक!"

"भार आहे म्हणून रोज टोमणे मारायचास ना? घे आता भार!"

वर लोळा काठाला लागल्यासारखा वाटला. टोला नव्हे, बंद दारामागे कुणीतरी नखानं ओरखडावं तसं. दोघांनी श्वास रोखला. पुलाच्या बाजूनं धडाका यायचा असेल तर आता. आत्ता.

आला नाही. झोका लहान झाला. आणखी लहान झाला. मग दोर नुसता दोर झाला.

तरीही दोघांनी तो सोडला नाही. कपाळाला कपाळ टेकून ती तशीच उभी राहिली.

"पोर बाहेरचं होईल, केझाया," ओबेड म्हणाला. म्हणताना त्याचा चेहरा मुलासारखा झाला होता.

"होऊ दे," ती म्हणाली. "मला सोबत होईल. चाळीस वर्षं त्या बाजूला एकटीच आहे मी."

लांब धुक्यात पुलाच्या फळ्या खडखडल्या. मोटार होती. मध्येच थांबली, कुणीतरी दरडावून काही विचारलं, किती तरी वेळ काहीच ऐकू येईना. मग इंजिन पुन्हा सुरू झालं आणि आवाज गावाकडे येऊ लागला.

मुलगी झाली. निळीजांभळी होऊन आली, डॉक्टरनं पाय धरून तिला उलटी केली, पाठीवर थापटलं. आणि मग ती अशी रडली की मिसेस लार्टर खुर्चीत बसून स्वतःही रडू लागली. आयव्हीनं दमल्या आवाजात विचारलं, "बाबा, चालेल का तुम्हाला? घंटेशिवाय?" ओबेडनं त्या मुठीएवढ्या चेहऱ्याकडे बघितलं. रूबेनचीच हनुवटी. त्या हनुवटीला एक बोट लावून तो जिना उतरून खाली आला.

दारावर थाप पडली. मेस होता. त्याच्यामागे धुक्यात दोघं उभे, बंदुका खांद्यावर नव्हे, हातात.

"मनोऱ्याचं दार उघडं आहे," मेस म्हणाला. "लाकूड करकरलेलं माझ्या माणसांनी ऐकलं. आत कोण होतं?"

"मी."

"आणि?"

"आणि केझाया."

मेसनं मागच्या दोघांकडे बघितलं. त्यांना जे कळायचं ते कळलं. "आज, या दिवशी," तो हळू म्हणाला, "विकची बाई घंटेपाशी. आणि नेमका त्याच वेळी विकहून एक मोटारवाला पुलावर. घरात कोण कोण आहे, ओबेड?"

दाराच्या चौकटीत ओबेड मावत नसे, पण त्या वेळी तो उंबऱ्यावर आणखी थोडा पसरून उभा राहिला. दुखऱ्या खांद्याचा हात त्यानं चौकटीला टेकला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला तो शब्द उच्चारताना जीभ जड वाटली, आणि म्हणूनच त्यानं तो मोठ्यानं उच्चारला.

"फॉरिनर," तो म्हणाला. "डॉक्टर धरून चार. सगळ्यांत धाकटी आत्ताच उतरलीय, कपडेसुद्धा नाहीत बिचारीकडे. आणि त्यांच्या आसऱ्याला राहिलेला एक म्हातारा. तोही त्यांच्यातलाच लिही."

एरवी या वाक्यावर गुत्ता दणाणला असता. मेस हसला नाही. मागचे दोघंही हसले नाहीत; त्या दोघांच्या जन्माला अगाथा ओबेडनंच वाजवली होती. ते ओबेडकडे बघतच नव्हते. त्यांची नजर वरच्या खिडकीवर होती. तिथे काळा पडदा एका बाजूनं किंचित सुटला होता आणि उजेडाची एक बारीक रेघ धुक्यात उतरली होती.

"ठीक," मेस म्हणाला. "मला वरच्या साहेबांना कळवावं लागेल."

तो गेला नाही. घराच्या फाटकापर्यंत गेला आणि तिथेच वाट अडवून, पाठ फिरवून उभा राहिला, दोघं त्याच्या दोन बाजूंना. आत पोर पुन्हा रडू लागलं. आवाज चांगला खणखणीत होता, आणि धुक्यात आवाज फार लांब जातो. ओबेड उंबऱ्यावरून हलला नाही.